बॅग कोणी भरली

"कोणी भरली? वयनी, बॅग कोणी भरली?"

चाकाची निळी बॅग छातीशी धरून तो जिन्याकडे पळत होता. बॅगेच्या चेनमधून पांढरा धूर येत होता आणि आत मधूनच फटाका फुटावा तसा आवाज होत होता. दुपारचे तीन वाजले होते. माळ्यावरची निम्मी माणसं जेवून आडवी झाली होती. कबुतरांचा त्रास म्हणून गॅलरीला वरपासून खालपर्यंत जाळी मारलेली, त्यामुळे बॅग खाली चौकात फेकायची सोय नव्हती. वाट एकच, लाकडी जिन्याची. पळता पळता तो मागे वळून मला विचारत होता. आत काय आहे हे कळलं असतं, तर ती धरायची की तिथेच टाकून लांब पळायचं, हे त्याला ठरवता आलं असतं.

मला उत्तर माहीत होतं. मी दिलं नाही.

मी चौथीपर्यंत शिकले. लिहायची सवय नाही. पण लालबागच्या आमच्या चाळीत अजूनही बोलतात, की ज्याने जन्मभर दुसऱ्यांच्या बॅगा तपासल्या, शेवटी त्याच्याच हातून घोटाळा झाला. तसं झालं नाही. कसं झालं ते सांगायला माझ्याशिवाय दुसरं कोणी नाही. पण आधी माणूस कसा होता ते तुम्हाला कळलं पाहिजे, नाहीतर नुसती आग कळेल.

त्याचं नाव लिहीत नाही. चाळीतल्यांना कळेलच, बाकीच्यांना नाव घेऊन काय करायचंय? आम्ही तिसऱ्या माळ्यावर, तो दुसऱ्या. माझ्यापेक्षा बारा वर्षांनी लहान, म्हणून मी त्याला अरे-तुरे करायचे. याचा थोरला भाऊ आणि माझा नवरा एका मिलमध्ये होते, म्हणून तो मला वयनी म्हणायचा. बायको गेलेली. मूलबाळ नव्हतं.

तुम्ही विमानाने गेला असाल तर काउंटरवर बॅग दिली असेल. ती पट्ट्यावरून सरकत जाते, रबरी झालरीच्या आड होते आणि तुम्ही हात झटकून मोकळे होता. त्या झालरीच्या पलीकडे तो तीस वर्षं उभा होता. खाली मशीन असतं. बॅग त्यातून जाते आणि आतला सगळा सांगाडा पडद्यावर दिसतो. पडदा बघणारे साहेब वेगळे, हा नुसता उचलणारा. पण साहेबांच्या खांद्यावरून बघून बघून त्यालाही तो सांगाडा वाचता यायला लागला.

"लाडू नारिंगी दिसतात, वयनी," तो सांगायचा. "ओळीत बसलेले. स्टीलचा डबा निळा. वरून काळी बॅग, पण आत कोणाची आई आहे ते मला खाली उभ्या उभ्या कळायचं."

"आई दिसते, तर फेकून कशाला देता रे?"

"लाडू कोण फेकतंय? खोबरं फेकतात."

रिटायर झाल्यावर त्याच्या खोलीसमोरची गॅलरी म्हणजेच विमानतळ झाला. आमच्या चाळीतून, शेजारच्या चाळींतून, करी रोडच्या नव्या टॉवरमधूनसुद्धा परदेशी जाणारे लोक बॅग घेऊन त्याच्याकडे यायचे. नर्स, आचारी, बोटीवरचे खलाशी, लेकीच्या बाळंतपणाला निघालेल्या बायका. तो खाली जुनी चादर अंथरायचा, पाटावर बसायचा आणि एकच शब्द बोलायचा.

"उघड."

बॅग घरून कितीही नीट भरून आणा, सगळं बाहेर. चड्ड्या-बनियनसकट. मग तीन प्रश्न. समोर पोर असो की सत्तर वर्षांची म्हातारी, प्रश्न तेच.

"बॅग कोणी भरली? भरल्यापासून कुठे होती? कोणी काय दिलंय?"

एरवी हा माणूस हसरा. गणपतीत आरतीला सर्वांत मोठ्याने ओरडणारा. पण हे तीन प्रश्न विचारताना त्याचा आवाज बदलायचा. बॅगेकडे न बघता तो माणसाच्या तोंडाकडे बघायचा, आणि तेव्हा त्याच्या डोळ्यांत ओळख नसायची. मी लांबून बघितलं तरी मला ते आवडायचं नाही. वाटायचं, याला आपल्या घरचं काहीतरी वाईट ठाऊक आहे आणि हा सांगत नाही.

लोक हसायचे, पण यायचेही. कारण त्याने भरलेली बॅग विमानतळावर कधी उघडावी लागली नाही.

शेजारच्या चाळीतले एक रिटायर मास्तर मुलाकडे निघाले होते. त्यांच्या हातातल्या पिशवीत कैरीच्या लोणच्याची बरणी.

"हे हातात चालत नाय, मास्तर. पातळ आहे."

"लोणचं पातळ? अहो, एवढाल्या फोडी आहेत त्यात!"

तो वाद घालत बसला नाही. झाकण काढलं आणि बरणी चादरीवर उपडी केली. तेल, खार, फोडी, सगळं खाली. "आलं ना खाली? म्हणजे पातळ."

मास्तर दोन महिने त्याच्याशी बोलले नाहीत. पुढच्या खेपेला आले ते साजूक तूप घेऊन. "हे घट्ट आहे," म्हणाले. याने मान डोलवली, बरणी गॅलरीतल्या उन्हात ठेवली आणि मास्तरांसाठी चहा टाकला. चहा संपेपर्यंत मास्तरांनी स्वतःच बरणी उचलून घरी नेली.

माझं त्याचं भांडण खसखशीवरून झालं. मी मसाल्याच्या दुकानात चाळीस वर्षं काढली. आधी मिरच्यांची देठं काढायला, मग तोलायला. माझ्या हातचा मसाला कोणी दुबईला नेत होतं.

"यात खसखस आहे?"

"असणारच. खसखशीबिगर मालवणी मसाला असतो काय?"

"मग नाय जाणार. तिकडे खसखस म्हणजे अफू. माणूस तुरुंगात जातो."

"अफू? मग मी चाळीस वर्षं काय अफू तोलत होते?"

"तिकडच्या पोलिसाला सांगा."

बिनखसखशीचा मसाला मी आयुष्यात पहिल्यांदा त्याच्यासाठी कुटून आणला. शिव्या देत आणला. तो त्याने पिशवीत दोनदा बांधला आणि म्हणाला, "वयनी, तुमच्या मसाल्यापायी कोणाचं पोर अडकलं, तर तुम्ही रात्री झोपाल का?" मी म्हटलं, आरामात झोपेन. तेव्हा तसंच वाटत होतं.

माझ्या शेजारच्या खोलीत परबीण राहते. तिचा मुलगा मस्कतला. तिकडच्या बाजूला कोणीही निघालं, की ही पुडकं घेऊन हजर. आमच्याकडे पुडक्याला कोणी नाही म्हणत नाही. गावाहून आपलं कोणीतरी आणतं, आपणही दुसऱ्याचं नेतो, असंच चालत आलं आहे. पुडकं फोडून बघणं म्हणजे तर तोंडावर चोर म्हणणं. हा सगळ्यांसमोर फोडायचा.

"आत काय?"

"चकल्या आसत. दुसरा काय असतला?"

"उघड."

"भावजी, माझ्यार विश्वास नाय?"

"माझा आहे. मशीनचा नाय."

आतून चकल्याच निघाल्या. आणि चकल्यांच्या खाली मुलाच्या मित्रासाठी कोणीतरी दिलेली एक डबी, ती परबिणीनेही उघडून बघितली नव्हती. डबीत तंबाखू होता, निव्वळ तंबाखू. पण परबिणीचा चेहरा उतरला तो दिवसभर तसाच राहिला. त्यानंतर ती पुडकं आणायची ते उघडंच. आणि त्याला घालून पाडून बोलायचीही. "येवा, पोलीस येवा," म्हणायची.

सगळं तपासून झालं की तो बॅग स्वतः भरायचा. चेन लावायचा आणि वरून सुतळी आडवी-उभी बांधायचा. चेनवर सुतळी कशाला, असं पोरं विचारायची. त्याचा बाप मिलमध्ये साच्यावर, म्हणजे मागावर होता. धागा तुटला की विणकर जी गाठ मारतात ती चपटी, बोटाला लागत नाही अशी. तीच हा मारायचा. "विमानतळावर कापूदेत खुशाल," म्हणायचा. "पण इथून तिथपर्यंत कोणी हात घातला तर मला कळलं पाहिजे." निघायच्या आधी एकदा घरी येऊन ती गाठ बघून जायचा. चाळीतल्या प्रत्येकाची.

त्याच्या डाव्या हातावर कोपरापासून मनगटापर्यंत कातडी चकचकीत होती, केस नसलेली. मी एकदाच विचारलं. तो म्हणाला, एका बॅगेतली बॅटरी पट्ट्यावर पेटली होती.

"आधी वास येतो, वयनी. गोड. पोरी नखांचा रंग पुसतात ना, तसला. तो वास आला की पळायचं. मग वेळ नसतो."

"तू पळालास?"

"मी बॅग पट्ट्यावरून खाली ओढली. मागे बाकीच्या लागून होत्या."

"येडा आहेस."

"होय," तो म्हणाला आणि बाही खाली केली.

त्यानंतर माझ्या लक्षात आलं की सुतळी बांधायच्या आधी तो प्रत्येक बॅगेच्या चेनला नाक लावतो. वाकून, डोळे मिटून. पोरं त्याची नक्कल करायची. मीही हसले आहे. पण एकदा मी एकटीच जिन्यावरून बघत होते. तो नाक लावून बराच वेळ तसाच राहिला, आणि त्याच्या मानेवर घाम आला होता. बॅगेत काही नव्हतं. साधी साबणाची वडी होती.

आता माझ्या नातीचं सांगते. सायली. माझ्या लेकीची लेक. ती नऊ वर्षांची असताना लेक गेली, जावयाने दुसरं घर केलं, पोरगी माझ्याकडे आली. नर्सिंग शिकली. तिला आखातातल्या एका हॉस्पिटलात नोकरी लागली. तोपर्यंत ती पुण्याच्या पलीकडे गेली नव्हती. मध्यरात्रीनंतरचं विमान, घरून नऊला निघायचं होतं.

सकाळी दहाला तिची निळी बॅग त्याच्या चादरीवर उघडली. कपडे, चपला, कागदांची फाइल, बिनखसखशीचा मसाला. खोबऱ्याच्या सहा वाट्या मी पातेल्यात घालून ठेवल्या होत्या. त्याने पातेल्याचं झाकण काढलं आणि माझ्याकडे बघितलं.

"वयनी, हे तुमचं काम."

"घरचं खोबरं आहे. गावाहून आलंय."

"गावचं असलं म्हणून तेल कमी होत नाय. विमानाच्या पोटात पेटलं तर विझवायला कोण जातो?" वाट्या त्याने बाजूला काढल्या.

मग सायलीची पॉवर बँक. मोबाईलला बाहेर कुठेही जीव देते ती पेटी. त्याने ती फरशीवर ठेवली आणि बोटाने टिचकी मारली. पेटी गरगर फिरली.

"बघ, फिरते. सपाट असती तर जागची हलली नसती. पोटुशी आहे ही."

"काका, मस्त चालते अजून," सायली म्हणाली. "दोनच वर्षं झालीत."

"चांगली असती तर हातातल्या पिशवीत चालली असती. मोठ्या बॅगेत कधीच नाय. आणि ही फुगलेली तर कुठेच नाय. विमानात नाय, घरात पण नाय."

आमच्या माळ्याच्या जिन्यापाशी आगीसाठी वाळूची लाल बादली असते. वर येऊन त्याने ती पेटी त्या वाळूत पुरली. "उद्या मी बघतो हिचं काय करायचं ते," म्हणाला. बॅग भरली, नाक लावलं, गाठ मारली. सायलीला तीन प्रश्न पाठ करून घेतले. "बॅग कोणी भरली विचारलं तर काय सांगणार?"

"मी."

"मी भरली तरी 'मी' असंच सांगायचं. कारण तू समोर बसून बघितलीस."

दुपारी जेवणं झाली. सायली मैत्रिणींना भेटायला खाली गेली. मी घरात एकटी. मला एकच दिसत होतं. पोरगी अनोळखी विमानतळावर उभी आहे आणि तिचा फोन बंद पडलाय. तिचा फोन दुपारपर्यंतही टिकायचा नाही. मग ती मला फोन कसा करणार, कोणाला विचारणार?

मी बादलीत हात घातला आणि ती पेटी काढली. पदराने पुसली. हातातली पिशवी तर उघडून बघतात, तिथे सापडणार. म्हणून मोठ्या बॅगेत घालायचं ठरवलं. त्याची गाठ मला सुटेना. विळीवर सुतळी कापली. माझ्या जुन्या सुती लुगड्याच्या तुकड्यात पेटी गुंडाळली, कपड्यांच्या मधोमध खोल घातली, आणि हलू नये म्हणून दोन्ही बाजूंना खोबऱ्याच्या वाट्या लावल्या. सहाच्या सहा.

मसाल्याच्या दुकानात काटा थांबल्यावर वर एक चिमूट टाकायची पद्धत आहे. गिऱ्हाईक तोंडाकडे बघत असतं. ती चिमूट टाकली नाही तर तोललेलं तोललं असं वाटत नाही. चाळीस वर्षं हाताला तीच सवय. बांधून झालेल्यात वरून काहीतरी घातल्याशिवाय माझ्या हाताला चैन पडत नाही.

चेन लागेना, म्हणून मी बॅगेवर बसले. माझं वजन काही कमी नाही. आतून काहीतरी करकरलं. मला वाटलं, खोबरं मोडलं. चेन लावली, सुतळीला माझी गाठ मारली.

सायली आली आणि चटई टाकून झोपली. रात्रभर जागायचं होतं तिला. बॅगेकडे पाय करून झोपली. मी भिंतीला टेकून बसले. थोड्या वेळाने गोड वास आला. खिडकीत नखांचा रंग पुसायची बाटली होती, सकाळीच तिने नखं साफ केली होती, हॉस्पिटलात रंग चालत नाही म्हणून. मला वाटलं, बूच नीट लावलं नसेल. उठायचा कंटाळा केला.

त्याने वासाचं मला सांगितलं होतं. मला ते आठवलं नाही. हे लिहायलाच हवं.

मग तो गाठ बघायला आला. दारात उभा राहिला, चपला काढल्या, बॅगेकडे बघितलं.

"ही गाठ माझी नाय."

"तुझीच आहे. म्हातारा झालास, दिसत नाही तुला."

तो वाकला. चेनला नाक लावलं. या वेळी डोळे मिटले नाहीत.

"पोरीला उठवा."

"अरे, आत्ता झोपलीय ती, तिला रात्री—"

"उठवा!"

तो तीन प्रश्नांचाच आवाज होता. मी उठायच्या आत त्याने चटई तिच्यासकट ओढली. सायली अर्धवट झोपेत माझ्या अंगावर आली. तेवढ्यात बॅगेत पहिला आवाज झाला. त्याने बॅग उचलली आणि तो पळाला.

पुढचं मी सुरुवातीला लिहिलंच आहे. तो विचारत होता, मी दारात उभी होते, सायलीचा हात माझ्या हातात होता. लोक म्हणतील, नातीची नोकरी जाईल या भीतीने म्हातारी गप्प बसली. एवढाही विचार मी केला नाही. माझ्याच्याने तोंड उघडलं नाही, एवढंच. तीन शब्द होते. "मी. पेटी. खोबरं." मी नुसती बघत राहिले.

जिन्याच्या वळणावर परबीण वर येत होती. तिचे गुडघे गेलेले, एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकून चढते. हातात दुधाची पिशवी. जिना एवढा अरुंद, की तिला ओलांडून खाली जाता येत नव्हतं, आणि मागे माळाभर माणसं. त्याने बॅग कोपऱ्यात भिंतीशी दाबली आणि तिच्याकडे पाठ केली.

"परबीण, खाली जा! मागे बघू नको, खाली जा!"

परबीण पहिल्यांदा त्याच्यावर उलटली नाही. कठडा धरून उतरली. ती खालच्या माळ्यावर पोचली आणि वर बॅग फुटली.

खोबऱ्याचं तेल कसं जळतं ते मी दुकानात बघितलं आहे. तेवढंच लिहिते. माळ्यावरच्या माणसांनी लाल बादली उपडी करून आग विझवली. ती उचलली तेव्हा वाळूत मी उकरलेला खड्डा तसाच होता.

त्याला शीवच्या हॉस्पिटलात नेलं. चार दिवस होता. भाजलं होतं ते होतंच, पण धूर छातीत गेला होता. तिसऱ्या दिवशी मला आत सोडलं. बोलणं नुसतं श्वासावर चाललं होतं. मला वाकावं लागलं.

"पोरगी?"

"बरी आहे. तिकिटाचं बघतायत, पुढच्या महिन्यात जाईल."

"परबीण?"

"बरी आहे. देवाला नारळ ठेवलाय तिने."

"आत काय होतं?"

"खोबरं," मी म्हटलं.

त्याने माझ्याकडे बघितलं. या वेळी डोळ्यांत ओळख होती. ते मला जास्त जड गेलं.

"नुसतं खोबरं असं पेटत नाय, वयनी."

मी त्याच्या अंगावरची चादर सरळ केली. सरळच होती ती.

"बरं झालं," तो म्हणाला. "इथेच पेटली. रात्री वर विमानात पेटली असती."

दुसऱ्या दिवशी तो गेला.

पोलीस आले. साधाच प्रश्न होता त्यांचा, त्याचाच. बॅग कोणी भरली? मी तोंड उघडायच्या आत माळ्यावरच्या चार बायका एकदम म्हणाल्या, "तेच भरायचे ना सगळ्यांच्या." ते खोटं नव्हतं. त्या दिवशीही सकाळी त्यानेच भरली होती, सगळ्यांनी बघितलं होतं. हवालदाराने माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. त्याने लिहून घेतलं. गेलेल्या माणसामागे भांडायला कोणी नव्हतं, म्हणून ते तसंच राहिलं.

सायली गेली. एक छोटी बॅग, स्वतः भरली, मला हात लावू दिला नाही. पोचल्यावर फोन केला. म्हणाली, काउंटरवरच्या मुलीने विचारलं, बॅग तुम्हीच भरली का, आणि मला हो म्हणता येईना, रडूच आलं. मग म्हणाली, "आज्जी, त्या दिवशी झोपायला आले ना, तेव्हा बादलीजवळ वाळू सांडलेली होती."

मी म्हटलं, दूध उतू जातंय, ठेवते. घरात दूध नव्हतं.

त्याची खोली बंद आहे. चादर अजून आतल्या दोरीवर आहे, खिडकीच्या फटीतून दिसते, लोणच्याच्या तेलाचा डाग असलेली. जाणारे जातात. मोबाईलवर नियम वाचतात, हुकाच्या काट्याला बॅग लटकवून वजन बघतात आणि टॅक्सीत बसतात. आत काय आहे, ते कोणी विचारत नाही. बॅगांच्या चाकांचा आवाज जिन्यावरून खाली जाताना ऐकते तेव्हा मी मोजत बसते, आवाज कुठल्या पायरीवर थांबतो ते.

परवा नळावर कोणीतरी पुन्हा म्हणालं, एवढा शहाणा माणूस, शेवटी त्यालाच कळलं नाही. परबिणीने त्या बाईला तिथेच झापलं. "माका खाली धाडून तो थंय उभो रवलो," म्हणाली. "तुझ्या घोवान केल्यान असता?" मग ती माझ्याकडे वळली. "आक्का, तू सांग की गे. तू होतस ना थंय."

मी कळशी उचलून वर आले आणि वही घेतली.

गाठ त्याची नव्हती. गाठ माझी होती. सकाळी त्याने भरलेली बॅग चांगली होती, दुपारी मी ती कापून परत भरली. हे वाचून पोलिसांना काय करायचं असेल ते करूदेत. सायलीला मी आधी फोन करून सांगितलं आहे. ऐकून तिने फोन ठेवला नाही.

त्या दुपारी त्या बॅगेजवळ आम्ही चौघं होतो. परबीण वाचली. सायली वाचली. मी वाचले.